बेशरमीवरचं सोनं

उल्हासनगर, कॅम्प ४

प्रिय भावू,

परवा फोनवर तू विचारलंस, चोळी नीट बसली ना, आणि मी हो म्हटलं. चोळी खरंच छान बसली आहे. तुझ्या कमळाआजींनी माप न घेता नुसतं माझ्याकडे बघून कशी बेतली, कोण जाणे. पण तुला चोळीचं उत्तर नको होतं, ते मला कळलं. लग्नात करवली होऊन, कऱ्हा हातात घेऊन मी तुझ्या मागे उभी राहणार की नाही, हे तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. साखरपुडा झाल्यापासून तू विचारते आहेस आणि दर वेळी मी रेंज नाही, मॅडम बोलावतायत, आई हाक मारतेय असं काहीतरी करून निसटते. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं की तुला तिकडे मी टाइप करताना दिसते आणि तू लगेच "बोल ना" म्हणतेस. मग मी पुसून टाकते. म्हणून आज कागद घेतला. कागद मध्ये बोलत नाही.

आधी कामाचं सांगते. ऋता मॅडमनी आपला प्रबंध वाचला. शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलंय. त्यांचं म्हणणं, दोन भुंग्यांची तुलना करताना मी माझ्या भुंग्याची बाजू घेते. मी म्हटलं, तसं काही नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एका पानावर पेन्सिलीने रेघ ओढली. तिथे मी लिहिलं होतं, 'कासवभुंग्याचा सोनेरी रंग केवळ जिवंतपणीच पाहता येतो, ही त्याची थोरवी आहे.' मॅडम म्हणाल्या, "यशोधरा, थोरवी तुझी. भुंग्याला फक्त रंग आहे." मी ते वाक्य काढून टाकलं. पण मनातून निघालेलं नाही.

तुला आठवतं ना सगळं कसं सुरू झालं? मॅडमनी जोड्या लावल्या आणि म्हणाल्या, लांबच्या जंगलांची स्वप्नं बघू नका, आपापल्या घराच्या मागे काय आहे ते बघून या. तुझ्या घरामागे जांभूळ गावचा माळ, त्यावर बाभळी, आणि बाभळींवर सोनकिडे. पाठ अशी हिरवी की कुणी वार्निश लावून वाळत ठेवलीय. माझ्या घरामागे काय? वालधुनी, नावाला नदी आणि खरं तर नाला. काठाला गाळ, प्लॅस्टिक, जीन्सच्या चिंध्या आणि कुणी न लावता वाढलेली बेशरमीची झुडपं. मला वर्गात सांगायची लाज वाटली होती. मग एका पानाच्या मागे तो दिसला. मसुराच्या दाण्याहून जरा मोठा, कडेनं काचेसारखा पारदर्शक आणि मधे अस्सल सोनं. मी महेंद्रदादाला ओढत नेऊन दाखवला. तो नुकताच कारखान्यातून आला होता, बोटांना जीन्सची निळाई तशीच. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे यार, इतकी वर्षं आपण या नाल्याला नाक दाबून पळत होतो." दुसऱ्या दिवशी त्याने शेठकडून जीन्सच्या बटणांचे रिकामे खोके मागून आणले, आत थर्मोकोल कापून बसवलं. आपले किडे आजही त्याच खोक्यांत आहेत.

आणि आपली ती पहिली चूक. मी माझे सगळे भुंगे औषधाच्या बाटलीत घालून मारले, टाचणीला लावले, नावं लिहिली, आणि सकाळी खोका उघडला तर सोनं कुठेच नाही. तपकिरी, निर्जीव टरफलं. मला वाटलं औषध चुकलं. मी कॉलेजच्या जिन्यात बसून रडले होते. तुझे सोनकिडे मात्र शेजारच्या खोक्यात तसेच चमकत होते, मेलेत असं वाटतच नव्हतं. तू हसली नाहीस. दुसरी कुणीही हसली असती. तू लायब्ररीत जाऊन वाचून आलीस आणि माझ्या शेजारी बसून समजावलंस, की तुझ्या किड्याचा रंग त्याच्या कवचाच्या घडणीत आहे, तो मेल्यावरही तिथेच राहतो. माझ्याचा रंग कवचातल्या ओलाव्यावर आहे, जीव गेला, ओलावा सुकला की सोनं गेलं. मग म्हणालीस, "यशू, तुझा मारायचाच नाही. तुझा बसून बघायचा."

म्हणून आपली पद्धत ठरली. एकीने भुंग्यावरची नजर हलवायची नाही, दुसरीने तिच्या तोंडून ऐकून लिहायचं. मी बघायची, तू लिहायचीस. नाल्याच्या काठी प्लॅस्टिकच्या दोन स्टुलांवर, नाकाला ओढण्या बांधून. येणारेजाणारे विचारायचे, मॅडम, सर्वे आहे का, आमची घरं जाणार का? तू त्यांना पान उलटून भुंग्याची पिल्लं दाखवायचीस, जी आपलीच घाण शेपटीवर गोळा करून पाठीवर छत्रीसारखी धरतात. एक मावशी म्हणाली होती, आमच्या घरातसुद्धा एक आहे असला, आणि तू हसता हसता स्टुलावरून पडलीस. त्या दिवशी आपण ठरवलं होतं, प्रबंध झाला की कॅम्पातल्या शाळेच्या मुलांना इथे आणायचं. त्यांना सांगायचं की आपल्या वस्तीतही बघण्यासारखं असतं. मी ते करणार आहे, भावू. एकटी का होईना, करणार आहे.

जांभूळला मी पहिल्यांदा आले तो दिवस तुला माझ्याइतका आठवत नसेल. मी माझा भुंगा डबीत घालून आणला होता, कमळाआजींना दाखवायला. रिक्षात हलून हलून तो मलूल झाला, रंग उडाला. ओटीवर डबी उघडली तर आजी म्हणाल्या, "ह्यो सोना? ह्यो तं मसूर हाय गो." सगळे हसले, मीसुद्धा. मग त्यांनी आतून आपलं गाठोडं आणलं आणि त्यांच्या लग्नातली चोळी दाखवली. काठाला सोनकिड्यांचे पंख टाचलेले. हंगाम संपला की बाभळीखाली मरून पडलेले किडे वेचायचे आणि त्यांचे पंख नवरीच्या आणि करवलीच्या चोळीला लावायचे, ही तुमच्या घरची रीत. चोळीचं कापड विरलं होतं, भोकं पडली होती, पण पंख असे की कालच वेचलेत. मी वैज्ञानिक होऊन हात लावून बघत होते आणि आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजा हात हालका हाय. तू शिव एक." त्यांनी पुढे केलेल्या एका नव्या काठावर मी एक पंख शिवला. तो मी तेव्हा कुणाच्या चोळीला शिवला, ते मला माहीत नव्हतं. चोळी तुझी होती.

आणि मग संध्याकाळी मागच्या विहिरीवर. तू माझ्या भुंग्याला ओल्या पानावर ठेवलंस आणि पान तळहातावर घेऊन बसलीस. म्हणालीस, थांब, येईल परत. आपण किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. तू म्हणालीस, "सांग गं, आता कुठला रंग?" आणि मला सांगता आलं नाही. तुला वाटलं मी भुंग्यात हरवले. तू पुन्हा विचारलंस. मी सोनेरी म्हटलं, आणि अंदाजाने म्हटलं तरी ते बरोबर निघालं. मी भुंग्याकडे बघतच नव्हते, भावू.

तेव्हा मी त्याला नाव दिलं नाही. मैत्री हे नाव तयार होतंच, मी त्यातच ते ठेवून दिलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. पप्पांनी सर्टिफिकेट फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलंय. घरात कुणालाही काही अडलं की मला विचारतात, लाइटबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत. मला वाटायचं, जे असेल ते मला वाचून, शोधून कळेल. हे वाचून कळण्यासारखं नव्हतं. आणि कुणाला विचारावं, तर सगळं मी तुलाच विचारत आले होते.

तुझ्या समर्थबद्दल मी वाईट काहीच लिहिणार नाही, कारण वाईट काही सापडलं नाही. सापडावं म्हणून मी शोधलं. वांगणीची त्याची नर्सरी बघायला आपण गेलो तेव्हा मी प्रत्येक रोपाकडे अशी बघत होते की एक तरी सुकलेलं दिसावं. तू तुझ्या मधुकाकांबरोबर विहीर बघायला गेलीस तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, भाविकाला काय आवडतं, काय आवडत नाही, तुम्हालाच माहीत असणार. मी सगळं सांगितलं. पोह्यांत तुला शेंगदाणे लागतात पण मऊ पडलेले नको. परीक्षेच्या आधी तू बोलत नाहीस, तेव्हा कुणी समजूत घालायला जाऊ नये. झोपेत तुझे हात गार पडतात. तो बिचारा मोबाइलमध्ये टिपून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुमच्याइतकं कुणीच ओळखत नाही तिला." आणि मनापासून आभार मानले. तुला पुढे शिकवायचं म्हणतो, नर्सरीत कीटकांसाठी कोपरा देईन म्हणतो. तो तसं करेल. मला दिसतंय.

आणि मग ते करवलीचं. बदलापूरच्या रिक्षा स्टँडवर तू मला गाठून सांगितलंस, गर्दीत, हातवारे करत. तुला सख्खी बहीण नाही, म्हणून करवली मीच, असं तू घरी जाहीर केलंस. तुझ्या माईकाकू म्हणाल्या, आपल्या जातीबाहेरची, त्यातून कॅम्पातली पोर मांडवात मानाची कशी उभी राहील, लोक काय म्हणतील. तू दोन दिवस जेवली नाहीस. शेवटी कमळाआजी उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माज्या चोलीला हात लावलाय तिनं. आपल्या घरान आली ती आपलीच पोर. आता कोनी काय बोलायचा नाय." हे सांगताना तुझे डोळे भरले होते. तू माझा हात धरून म्हणालीस, "यशू, मी जिंकले." तुला वाटत होतं तू मला जगातली सगळ्यात मोठी गोष्ट दिलीस. आणि खरंच ती मोठीच आहे. माझ्या आजीला, सुंदराबाईंना, तिच्या तरुणपणी लग्नघरात मांडवाबाहेर पान वाढलं होतं. त्याच आजीच्या नातीसाठी तू उपाशी राहिलीस. मी फक्त थँक्यू म्हटलं आणि रिक्षात बसले. नंतर मला वाटलं, कुणासाठी एवढं भांडणारी मुलगी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा तरी नीट बघत असेल, नाही? पण तू मान मिळवून देण्यात गुंतली होतीस. मला मान नको होता.

घरी सांगितलं तर आईने लगेच बाजारात नेलं. हिरव्या चोळीवर शोभेल असं लुगडं शोधण्यात सगळी संध्याकाळ. दुकानदाराला तीनतीनदा सांगत होती, मुलगी करवली आहे, आगऱ्यांच्या घरात. पप्पा अंबरनाथहून कामाची पाळी संपवून आले. त्यांना आमच्याकडे नसलेले विधी पटत नाहीत, तुला माहीत आहे. मला वाटलं नको म्हणतील. वाटलं म्हणजे काय, मला ते हवंच होतं. पप्पांनी नको म्हटलं असतं तर तेच कारण झालं असतं. ते हातपाय धुऊन आले, लुगडं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "त्या पोरीने मान दिलाय तर जा. मान खाली घालून उभी राहू नको, एवढंच." सगळ्यांनी दारं उघडली, भावू. ज्या ज्या दाराशी मी अडेन असं वाटलं होतं, ते प्रत्येक दार उघडलं.

चोळी आली त्या दिवशी घरात कुणी नसताना मी ती घातली. लुगडं नेसले. महेंद्रदादाच्या खोलीतल्या लांब आरशासमोर पाण्याचा तांब्या कऱ्ह्यासारखा धरून उभी राहिले. सराव म्हणून. मनात तुला पुढे उभी केली, मुंडावळ्या बांधलेली, पाटावर. अंतरपाटापलीकडे समर्थ. मंगलाष्टकं चालू. मला फक्त शांत उभं राहायचं होतं. अंतरपाट खाली येतो तिथपर्यंत मी पोहोचले आणि तांब्यातलं पाणी चोळीवर सांडलं. पंख पुसून वाळवले. त्यांना काही झालेलं नाही. ते तसे असतातच.

तर उत्तर असं आहे की मी येणार नाही. ना हळदीला, ना लग्नाला. आणि हे वाचताक्षणी तू काय करशील ते मला माहीत आहे. तू उठशील आणि माईकाकूंना विचारशील, तुम्ही यशूला काय बोललात? मग आजींना म्हणशील, बघा, आपल्या घरात तिला परकं वाटलं. पुन्हा ताट सरकवशील. लग्नघरात नवरी उपाशी. असं करू नकोस. मला कुणी काही बोललेलं नाही. माईकाकूंचा परवाच फोन आला होता, आवाज अवघडलेला, विचारत होत्या, गजरा मोगऱ्याचा आणू की अबोलीचा. मी ताप, परीक्षा, काहीही सांगू शकले असते. पण तू खोटं ओळखतेस, आणि खऱ्याच्या जागी तुला एकच कारण सुचलं असतं, जात. ज्या म्हातारीने भर घरात मला आपली म्हटलं, तिच्या माथी तो डाग माझ्यामुळे बसला असता. ते मला सहन होणार नाही. म्हणून खरं कारण लिहावं लागतंय. नाहीतर मी ते माझ्यापाशीच ठेवलं असतं, जन्मभर.

समर्थला तू आवडतेस ना, तशी मला तू आवडतेस. तशीच, भावू. मैत्रीण म्हणून नाही, किंवा मैत्रीण म्हणूनही, पण तेवढीच नाही. विहिरीवरच्या त्या संध्याकाळपासून, कदाचित जिन्यात माझ्या शेजारी बसलीस तेव्हापासूनच. मला तुझ्याकडून काही नको. तू चुकलीस असं नाही, तुझं काही पाहायचं राहिलं असंही नाही. मीच दाखवलं नाही. हे वाचून तू लग्न करशील, आणि तू ते करावंस, कारण तू हसतेस त्याच्याबरोबर. पण तुझ्या मागे कऱ्हा धरून, तो सुटू न देता उभी राहण्याइतकी मी मोठी नाही. उद्या महेंद्रदादा चोळी घेऊन येईल. त्याला मी सांगितलंय की थोडी सैल करायचीय. तो काही विचारणार नाही, तूही त्याला काही विचारू नकोस. तुझ्या मामेबहिणीला, राजसीला, ती बसेल. आजींच्या पाया पड माझ्याकडून, आणि त्यांना सांग की यशूने काठाला हात लावून बघितला, पंख जसेच्या तसे आहेत. राजसीच्या अंगावर, पुढे तुझ्या लेकीच्या अंगावर, असेच हिरवे दिसतील. माझ्याकडे तुला पाठवण्यासारखं काही नाही. जे आहे ते डबीत घातलं की मसूर होतं.

तुझीच,
यशू